मिशनच्या मुठीचे माप

आमच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, सभागृहातल्या काळ्या फळ्यावर आमच्या विभागाचे नाव सर्वांत खाली लिहिलेले पाहिले, तेव्हा प्रथम मला वाटले की फळाच उलटा टांगला गेला असावा. मी चष्मा काढला, कमरेला गुंडाळलेल्या पुआनच्या टोकाने पुसला आणि पुन्हा पाहिले. फळा सुलट होता. उलटे झाले होते ते जग.

फळ्यावर तांदळाचा हिशोब होता. आमच्याकडे भाताचे भांडे चढण्यापूर्वी, मापून घेतलेल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची, ही रीत माझ्या सासूच्याही सासूपासून चालत आलेली आहे. ती मूठ मिशनची. शनिवारी विभागातल्या बायका घरोघर जाऊन हे डबे रिकामे करून घेतात. तो तांदूळ मंडळीत विकला जातो आणि त्यावर दूरदूरच्या डोंगरांत आमचे मिशनरी, त्यांच्या शाळा, त्यांचे दवाखाने चालतात. श्रीमंताचीही एक मूठ आणि गरिबाचीही एकच. ज्या घरी भांडे चढते, त्या घरून मूठ निघते. 'जे तोंडातून काढले नाही, ते दान नव्हे' हे वाक्य आमच्या वस्तीत सर्वांना पाठ आहे. ते माझे आहे. बऱ्याच बायका ते पवित्र शास्त्रातले समजतात. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही, कारण त्यात गैर काय आहे हे मला अद्याप उमगलेले नाही.

आमच्या विभागाच्या महिलांची मी प्रमुख. मला सर्व जण पी चॉन्छुमी म्हणतात. बायकांना 'पी' आणि पुरुषांना 'पू' हा मान; इतरांना तो वयाने मिळतो. मला तो वयाच्या आधीच द्यावा लागला होता. आमचा विभाग फळ्यावर कायम पहिला असे. आणि आज तळाला! वर कोण? तर पी साइथांगीचा विभाग. ती माझ्याच शेजारी उभी होती, आणि प्रार्थनेच्या वेळी चेहऱ्यावर असावे तसे भाव आणून हसत होती.

"होतं असं कधी कधी, पी," ती म्हणाली. "वयाप्रमाणे थकतं माणूस."

मी चष्मा पुन्हा पुसला. मौन हेही उत्तर असते. पण ते समजायला समोरच्याजवळ थोडी अक्कल असावी लागते.

खरा धक्का पुढेच होता. मंडळीच्या समितीचे प्रमुख पू रोछुंगा हे मोठे सज्जन गृहस्थ. इतके सज्जन की वाईट बातमी सांगताना ते स्वतःच्या बुटांकडे पाहतात. ते बुटांना म्हणाले, "या वर्षी ज्या विभागाचा तांदूळ ठरलेल्या वजनाला पोचणार नाही, त्यांचं मिशनचं ठाणं नाताळानंतर बंद करावं लागेल."

आमचे ठाणे म्हणजे थारी. ती आमच्या वस्तीची मुलगी. तिला बाप्तिस्म्यासाठी मंडळीत उचलून नेणारी मी, आणि सारा वेळ माझ्या खांद्यावर ओरडणारी ती. आज ती दूरच्या एका डोंगरात वसतिगृह चालवते. शाळेपासून लांब राहणारी पोरे तिथे राहतात, आणि त्यांच्या रात्रीच्या ताटात जे पडते, ते आमच्या मुठींतून पडते.

"बंद म्हणजे?" मी विचारले.

"म्हणजे थारी परत येईल."

"आणि पोरं?"

"पोरं आपापल्या घरी जातील."

"त्यांची घरं शाळेपासून दोन डोंगर पलीकडे आहेत."

"तो भूगोल समितीच्या हातात नाही, पी," पू रोछुंगा अत्यंत दुःखाने म्हणाले, आणि त्यांनी दुसऱ्या बुटाकडे पाहिले.

मी घरी आले, चहा न घेता बसले आणि शोध घेतला. कारण सापडायला वेळ लागला नाही. कारणाने पांढरा कोट घातला होता.

पावसाळ्याच्या आधी आमच्या वस्तीच्या दवाखान्यात एक नवी डॉक्टर मुलगी आली. तिने मोफत तपासणी ठेवली. फुकट म्हटल्यावर आमच्या विभागातले झाडून सगळे वडीलधारे बोटे पुढे करून रांगेत उभे राहिले. तिने सर्वांची बोटे टोचली आणि जाहीर केले, की सर्वांच्या रक्तात साखर आहे. माझ्याही रक्तात आहे असे तिचे म्हणणे पडले. माझ्या वेळी यंत्र बिघडले होते. मी तिला तसे सांगितले, तर ती म्हणाली, "आजी, यंत्र ठीक आहे, भात बंद." पुढचे सांगायला नको. विभागातली अर्धी घरे भात सोडून उकडलेला इस्कुस, ती वेलीवरची बेचव फळभाजी, खाऊ लागली. भात नाही म्हणजे भांडे नाही, आणि भांडे नाही म्हणजे मूठ नाही. देवाच्या कार्याला एवढा मोठा सुरुंग इतक्या लहानशा सुईने लावलेला मी प्रथमच पाहिला.

शेजारच्या पी डारीने लगेच सल्ला दिला. पी डारीचा सल्ला आणि तिच्या कोंबड्या या दोन गोष्टी आमच्या अंगणात न बोलावता येतात.

"त्यात काय एवढं? बाजारातून एक पोतं आणा नि ओता डब्यात. कोण बघतंय?"

"मी बघते आहे," मी म्हणाले.

पोते ओतणे शक्यच नव्हते. काही वर्षांपूर्वी, ती आमच्या विभागात असताना, पी साइथांगीने आपल्या ठेकेदार नवऱ्याच्या जिवावर तांदळाचे एक भरगच्च पोते माझ्या दारी पाठवले होते. मी ते उंबऱ्यावरूनच परत केले. 'जे तोंडातून काढले नाही, ते दान नव्हे' हे वाक्य त्याच प्रसंगी, भर पायऱ्यांवर, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या असताना माझ्या मुखातून बाहेर पडले. पुढच्याच महिन्यात साइथांगीने विभाग बदलला. आता मीच पोते विकत आणले असते, तर तिने ते वाक्य फ्रेम करून मला भेट दिले असते.

तेव्हा उपाय एकच. पोते नाही, तर भांडी वाढवायची.

मी विभागाची सभा बोलावली आणि आज्ञा केली की प्रत्येक घरी पूर्वीप्रमाणे दोन वेळा भात शिजलाच पाहिजे, मग तो कोणी खावो वा न खावो. मग पी डारीने विचारले, "खाणार कोण?"

"डुकरं," मी म्हणाले.

आमच्या उतारावर घरामागे डुक्कर नाही असे घर विरळा. विभागात भात शिजू लागला, मुठी निघू लागल्या, आणि भात थेट मागच्या दारी जाऊ लागला. थोड्याच दिवसांत आमची डुकरे अशी दिसू लागली, जशी पूर्वी फक्त ठेकेदारांच्या घरची माणसे दिसत. आणि ही दृष्टी सुखावणारी गोष्ट नेमकी साइथांगीच्या दृष्टीला पडली. तिने समितीकडे तक्रार केली.

समितीची बैठक संध्याकाळभर चालली. आयुष्यात मी पुष्कळ सभा पाहिल्या. पण डुकराच्या भांड्यातली मूठ देवाला चालते की नाही, यावर पांढऱ्या केसांच्या माणसांना टेबलावर मुठी आपटताना मी प्रथमच पाहिले.

"तांदूळ तर तोच आहे ना?" एक जण म्हणाले.

"तांदूळ तोच, पण हेतू डुकराचा!" दुसरे म्हणाले.

"देव हेतू पाहतो."

"मग डुकराचा हेतू तरी वाईट कुठं आहे? बिचारं जेवतंय."

शेवटी पू रोछुंगांनी बुटांना निर्णय ऐकवला, की माणसाच्या तोंडासाठी शिजवलेल्या भातातलीच मूठ धरली जाईल. डुकरांच्या मुठी वजा. मी उठून उभी राहिले. मला पुष्कळ बोलायचे होते. पण समोर साइथांगी रुमालाने डोळे टिपत होती, आणि ते अश्रू कशाचे आहेत हे मला दिसत होते. मी पुन्हा बसले. आमच्या घराण्यातली माणसे हसणाऱ्यांपुढे बोलत नाहीत.

आता आमच्या सुनेविषयी सांगणे भाग आहे. माझा मुलगा लष्करात, दूर. त्याने लग्न केले ते एका खेड्यातल्या नुनझिरी नावाच्या मुलीशी. मुलगी सद्गुणी, पण ती फुटबॉलच्या संघात गोलरक्षक होती आणि तिचे हात फावड्याएवढे होते. आमच्या घराण्यात स्त्रियांचे हात नाजूक. माझे हात पाहून माझ्या सासूने लग्न ठरवले होते, अशी आख्यायिका आहे. लग्नाच्या दिवशी नुनझिरीच्या बोटात अंगठी शिरेना, तेव्हा पाळकसाहेबांनी प्रार्थना लांबवली आणि करवलीने लोणी आणले. मी फक्त डोळे मिटले, आणि ते फोटोत आले.

तर त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात उभी होते. नुनझिरीने तांदळाचे माप घेतले, त्यात हात घातला आणि मूठ मिशनच्या डब्यात सोडली. डब्यात आवाज झाला. माझी मूठ पडते तेव्हा डब्यात पावसाची पहिली सर पडल्यासारखे वाटते. ही मूठ पडली तेव्हा दरड कोसळल्यासारखे वाटले.

"थांब," मी म्हणाले. "पुन्हा टाक बरं."

"पी, एका भांड्याला एकच मूठ. तुमचाच नियम."

सून आपल्याच वाक्याने आपल्याला गप्प करते, तेव्हा सासूने संतापावे की अभिमान बाळगावा, याविषयी पवित्र शास्त्रात स्पष्ट मार्गदर्शन नाही. मी दोन्ही केले. आणि त्याच क्षणी मला मार्ग दिसला. मुठीचा नियम आहे. पण मूठ कोणाची, याचा नियम कुठेच नाही!

मी पुन्हा आज्ञा केली. ज्या घरांत माणसांसाठी भात शिजतो, त्या घरांत मूठ काढायला आमची नुनझिरी येईल. ती येईपर्यंत भांडे चढवायचे नाही.

आमच्या वस्तीत सगळ्यांचा स्वयंपाक एकाच वेळी चढतो, आणि वस्ती उतारावर आहे; एका घराचे छप्पर म्हणजे दुसऱ्या घराचे अंगण. नुनझिरी सकाळ-संध्याकाळ त्या पायऱ्यांवरून खाली-वर धावू लागली. ती येताना पोरे ओरडत, "हात आला! हात आला!" आणि बायका मापे पुढे करून दारात उभ्या राहत. खालच्या घरांपर्यंत ती पोचायची तोवर तिथली माणसे कामावर उपाशीच निघून गेलेली असत. शाळेच्या हेडमास्तरांनी निरोप पाठवला की आमच्या उतारावरची पोरे उशिरा येतात आणि कारण विचारले तर "हात आला नव्हता" असे सांगतात.

ज्यांच्याकडे ती वेळेवर पोचे, त्यांचीही तक्रार होतीच. पी डारी कंबरेवर हात ठेवून आमच्या दारात उभी राहिली.

"तुझी सून मूठ काढते की खाण खणते? काल माझ्या मापात तांदूळच उरला नाही. नवरा विचारतो, भात कुठंय? म्हटलं, डोंगरापलीकडे गेला, सुवार्ता सांगायला!"

"त्याग आहे हा, डारी."

"त्याग मी करते, पहिला नंबर तुझा येतो. हे बरंय!"

पण शनिवारी फळ्यावर आमचे नाव वर सरकले आणि त्याग सर्वांना गोड वाटू लागला. मात्र चार भिंतींच्या आत काही राहील अशी आमची वस्ती नाही. पुढच्या आठवड्यात साइथांगीच्या विभागात दगडाच्या खाणीवर काम करणारी एक बाई घरोघर फिरताना दिसली. तिसऱ्या विभागाने तर कुस्ती खेळणारी कोणाची तरी भाची खेड्यातून बसने आणवली. उजव्या हाताने काय दिले ते डाव्याला कळू नये अशी आम्हां ख्रिस्ती माणसांना शिकवण. इथे साऱ्या शहरात उजव्या हातांचीच चर्चा सुरू झाली. चहाच्या दुकानात लोक बायकांच्या हातांकडे पाहून आपसांत कुजबुजू लागले. मी तर एका पाळकपत्नीला हातमोजे घालून बाजारात जाताना पाहिले.

पुन्हा समिती बसली. या वेळी 'मूठ निश्चिती उपसमिती' नेमण्यात आली. उपसमितीने ठरवले, की सर्व विभागांतल्या महिलांनी सभागृहात यावे, परातीतून एकेक मूठ तांदूळ काढावा आणि तो तराजूत तोलावा.

तो प्रसंग मी विसरू म्हटले तरी वस्ती विसरू देणार नाही. बायका रांगेने येत होत्या. खाणीवरच्या बाईची मूठ तोलली, तेव्हा टाळ्या पडल्या. नुनझिरीची तोलली, तेव्हा काटा असा उडाला की उपसमितीचे चिटणीस मागे सरले. मग माझे नाव पुकारले. मी सावकाश गेले, परातीत हात घातला, मूठ काढली आणि पारड्यात ठेवली.

काटा हलला नाही.

चिटणीसांनी तराजूला बोटाने टिचकी मारली. पुन्हा पाहिले. तेवढ्यात मागून साइथांगीचा आवाज आला, "अगंबाई, ही मूठ होय? मला वाटलं, मीठ घालतायत!"

इतकी वर्षे मी ज्या हाताने विभाग चालवला, ज्या हाताच्या इशाऱ्यावर वस्तीतली कुत्रीही बाजूला होत, तो हात साऱ्या मंडळीत सर्वांत हलका निघाला. मी जागेवर परत आले. नुनझिरीने आपल्या त्या फावड्याने माझा हात झाकला. मी तो काढून घेतला नाही. का, ते मला ठाऊक नाही. धक्क्याने असेल.

आणि मग निर्णय आला. पू रोछुंगा म्हणाले, "जो रांधेल, त्याचीच मूठ. दुसऱ्याच्या घरातली मूठ धरली जाणार नाही. आजवरच्या अशा मुठी वजा."

'वजा' हा शब्द या समितीपूर्वी मला फक्त शाळेत भेटला होता. आमचा विभाग पुन्हा तळाला गेला. साइथांगीचा विभागही घसरला. पण तिच्याकडची माणसे तरुण होती, भात खात होती, त्यांच्या रक्ताला कोणी टोचले नव्हते. नाताळ जवळ येत होता. थारीचे ठाणे बंद होणार हे आता पायऱ्यांवरच्या पोरांनाही कळले होते. ती पोरेही त्या दिवशी "हात आला" असे ओरडली नाहीत.

घरी आले, तर स्वयंपाकघरातून धूर येत होता.

आमचे हे, म्हणजे पू थांगखुमा, आयुष्यभर जंगलात लाकूड कापण्याच्या कामावर. घरात त्यांचा अधिकार फक्त आरामखुर्चीवर. लग्नापासून आजवर मी त्यांना शेगडीजवळ येऊ दिलेले नाही. पुरुषाने स्वयंपाकघरात येणे हे मला घरात बैल शिरण्यासारखे वाटते. आणि पाहते तर काय, हे शेगडीपुढे उभे, डोळ्यांत पाणी, हातात माप!

"अहो, हे काय चालवलंय?"

"भूक लागली," ते म्हणाले. "तुम्ही दोघी हात तोलायला गेलात. मी म्हटलं, शिजवू थोडा भात. मूठ काढलीय हं मिशनची, विसरलो नाही."

मी डब्यात पाहिले. मग यांच्या हातांकडे पाहिले. लाकूड कापून कापून फळीसारखे रुंद झालेले ते हात मी इतकी वर्षे पाहत होते. पण ते फक्त चहाच्या कपाभोवती पाहिले होते. नुनझिरी माझ्या मागे उभी होती. तिनेही डब्यात डोकावले.

"पी," ती हळूच म्हणाली, "जो रांधेल, त्याची मूठ. समितीनं 'जी रांधेल' म्हटलेलं नाही."

मी खुर्चीत बसले. यांच्या आरामखुर्चीत! मला किती धक्का बसला होता, हे यावरून कळावे.

विचार करता करता एवढे मात्र मला मान्य करावे लागले, की नाताळच्या मेजवानीला आमच्याकडे मोठमोठ्या हंड्यांवर पुरुषच रांधतात आणि त्याने आकाश कोसळत नाही. मग वर्षातून एकदा चालते ते दिवसातून दोनदा का चालू नये? कोसळायचेच असेल, तर आकाशाने नाताळानंतर कोसळावे.

दुसऱ्या दिवशी मी विभागातल्या सर्व पुरुषांना अंगणात बोलावले. ते टोप्या हातात घेऊन उभे राहिले. त्यांना वाटले, वर्गणी असेल.

"उद्यापासून भात तुम्ही शिजवायचा," मी सांगितले.

मग एका बाजूने आवाज आला, "पी, काही चुकलं का आमचं?"

"अजून नाही. उद्या चुकेल. तरी शिजवायचा."

"बायको काय करेल मग?"

"इस्कुस खाईल आणि तुझ्याकडे बघेल."

पी डारीचा नवरा एवढा हबकला की त्याने टोपी डोक्यावर घातली, काढली आणि पुन्हा घातली. पण माझ्यापुढे नाही म्हणण्याची आमच्या विभागात रीत नाही.

पुढच्या दिवसांचे वर्णन करताना माझी लेखणी थरथरते. सकाळी उतारावरच्या प्रत्येक खिडकीतून काळा धूर निघे. कोणी पाणी विसरे, कोणी तांदूळ धुणे विसरे, एका गृहस्थाने तर झाकणच शिजवले. बायका बाहेर पायऱ्यांवर बसून एकमेकींना खबरा देत.

"आमचा खाली जळाला, वर कच्चा."

"नशीबवान आहेस. आमच्यात मधलं काही नसतंच."

पण भांडे चढण्याआधी प्रत्येक घरी एक रुंद, खडबडीत, पुरुषी मूठ मिशनच्या डब्यात पडत होती. ती तंतोतंत नियमाप्रमाणे होती. भात माणसाच्या तोंडासाठीच शिजवलेला होता. तोंडानेच तो नाकारला, तर त्याला आमचा इलाज नव्हता. तो मागच्या दारी जाऊ लागला आणि डुकरांचे पुन्हा बरे दिवस आले.

याच सुमारास ती डॉक्टर मुलगी पुन्हा बोटे टोचायला आली. आकडे पाहून तिने यंत्र हलवले, दुसऱ्यांदा टोचले.

"आजी, सगळ्यांची साखर उतरलीय! भात खरंच सोडलात?"

"सोडला नाही," मी म्हणाले. "आमच्या पुरुषांनी शिजवला."

तिने माझेही बोट टोचले. माझी मात्र उतरली नव्हती. हे यंत्र पहिल्या दिवसापासून बिघडलेले आहे, असे मी म्हणतच होते.

साइथांगी स्वस्थ बसली असती तर ती साइथांगी कसली? पुरुष खरोखर रांधतात की नुसती मूठ काढून पळतात, हे तपासावे अशी तिने मागणी केली. पू रोछुंगा सकाळी तपासणीला निघाले आणि पहिल्याच घरी अडकले, कारण ते पी डारीचे घर होते. तिने त्यांना आत बसवले आणि नवऱ्याने शिजवलेला भात आग्रहाने वाढला. पू रोछुंगांनी एक घास घेतला. मग त्यांनी बराच वेळ, चावत चावत, बुटांकडे पाहिले.

"हा पुरुषानंच केलाय," ते अखेर म्हणाले. "समितीची खात्री पटली. इतर घरं बघायची गरज नाही."

नाताळाच्या आधीच्या शनिवारी फळा लिहिला गेला. आमचा विभाग पहिला आला नाही. पहिली साइथांगीच आली, आणि ती प्रार्थनेच्या चेहऱ्याने हसली. पण ठरलेले वजन आम्ही ओलांडले होते. थारीचे ठाणे राहिले. नुनझिरीने सभागृहातच तिला फोन लावला आणि तो माझ्या कानाला धरला. पलीकडून थारीचा आवाज येण्याऐवजी पोरांचाच गोंगाट ऐकू आला. पोरे जेवायला बसत होती, आणि कोणीतरी कोणाचे तरी काहीतरी पळवले होते. थारी त्यांच्यावर ओरडली. ती बाप्तिस्म्याच्या दिवशी ओरडली होती, अगदी तशीच. मी फोन परत दिला. सभागृहात धूळ फार असते.

त्यानंतर समितीने आभार मानले. कोणाचे? तर पू थांगखुमांचे! 'महिलांच्या कार्यातील अमूल्य सहभागाबद्दल' त्यांना पुढे बोलावून सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. माझ्या हातांचा आवाज फारसा होत नाही, हे आता सर्वांना माहीतच आहे.

नाताळ सरला. मी सकाळी उठले, पुआन खोचला आणि माझे स्वयंपाकघर परत घ्यायला गेले. हे तिथे आधीच हजर होते. भात चढला होता, आणि मला सांगायला आनंद होत नाही, पण त्याला वास चांगला येत होता.

"आता बस झालं," मी म्हणाले. "व्हा बाजूला. मला मूठ काढू द्या."

"काढली मी. जो रांधेल, त्याची."

"मग मी रांधते."

"कशाला? मला जमतंय आता. आणि खरं सांगू का, पी," हे म्हणाले. इतक्या वर्षांत यांनी मला कधी पी म्हटले नव्हते. "तुझे हात लहान आहेत. मिशनचं नुकसान होतं."

मी दारात खिळून उभी राहिले. कळायला लागल्यापासून, पुरुष रांधू लागेपर्यंत, माझी मूठ मिशनच्या डब्यात पडली नाही असा दिवस गेलेला नव्हता. तापात पडली, बाळंतपणात पडली, ज्या दिवशी माझी आई गेली त्या दिवशीही पडली. आणि आज हे लाकूडतोडे गृहस्थ मला नियम सांगत होते. समितीचा नियम!

नुनझिरी कोपऱ्यात भांडी पुसत होती. तिने वर पाहिले नाही. चहाचे सर्वांत लहान पातेले तिने फडताळातून काढले आणि शेगडीच्या दुसऱ्या बाजूवर ठेवले. शेजारी तांदळाचे माप ठेवले. मग ती, जणू काही झालेच नाही, अशी अंगणात निघून गेली.

मी माप उचलले. माझी मूठ काढली आणि डब्यात सोडली. पावसाची पहिली सर. उरलेला तांदूळ त्या पातेल्यात शिजवला, आणि तो माणसाच्या तोंडासाठीच असावा लागतो म्हणून उभ्याउभ्या संपवला.

आता आमच्या घरी दोन भांडी चढतात आणि दोन मुठी निघतात. समितीला याला हरकत घेता येत नाही. मी नियम वाचलेला आहे. त्या डॉक्टर मुलीला मात्र कोणी सांगू नये. तिचे यंत्र अजून बिघडलेलेच आहे.